चूक क्रमांक चौदा

कार्यालयाच्या प्रोग्रामला एकूण एकेचाळीस चुका ओळखता येत, आणि त्या एकेचाळीसही एकाच माणसाला तोंडपाठ होत्या. कार्यालय वजनमापांचं. शहरातल्या प्रत्येक दुकानातला काटा ठरावीक मुदतीने तपासायचा, खरा निघाला तर शिक्का मारायचा आणि दुकानदाराच्या हातात दाखला ठेवायचा, एवढंच काम. पण ते चार खिडक्या, तीन मजले आणि एक प्रोग्राम मिळून करत. प्रोग्राम सी नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेला. सव्वीस वर्षांपूर्वी तो ज्यांनी लिहिला, त्यांना सगळं कार्यालय 'सीवाले' म्हणे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखरूप होतं.

खिडकीवरच्या माणसाने काही भलतंसलतं भरलं, की पडद्यावर 'चूक ३३' किंवा 'चूक १९' एवढंच उमटे. पुढे काही नाही. प्रोग्राम लिहिला तेव्हा सीवाले तरुण होते, आणि थोडक्यात बोललं की माणूस हुशार दिसतो असा तरुणपणी समज असतो. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, ते एका वहीत लिहिलेलं होतं. ती वही कार्यालयाच्या रंगकामात गेली. तेव्हापासून ती सीवाल्यांच्या डोक्यातच होती. कार्यालयातला अंतर्गत फोन सात वर्षं बंद होता आणि त्याच्या दुरुस्तीची फाइल दुसऱ्या मजल्यावर विश्रांती घेत होती. त्यामुळे पडद्यावर आकडा आला, की खिडकीवरच्या माणसाला तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून यावं लागे.

"सीवाले, तेहेतीस म्हणजे काय हो?"

"काट्याची क्षमता शून्य टाकलीत. परत भरा," सीवाले पडद्यावरची नजर न काढता सांगत. पडद्यावर त्या वेळी बहुधा काहीही नसे. पण मान वर केली तर आपण वाटच बघत होतो असं दिसायचं, आणि ते त्यांना नको होतं.

वाट ते बघतच. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी लांबच्या देशात. तिचा फोन बुधवारी यायचा, त्यात 'जेवलात का' आणि 'गोळ्या घेतल्यात का' असे दोन प्रश्न असत आणि दोन्हींची उत्तरं 'हो' अशी होती. शनिवारी दुपारी घराचं दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत कधी कधी त्यांच्या तोंडातून एक शब्दही निघत नसे. मग सोमवारी पहिल्यांदा 'काट्याची क्षमता' म्हणताना आवाज घोगरा यायचा आणि समोरचा विचारायचा, "सर्दी झालीय का?" ते "हो" म्हणायचे. एकंदरीत सीवाल्यांचं माणसांशी जे काही बोलणं होई, ते लोकांच्या चुकांमुळे होई.

या चुका करणाऱ्यांत पहिला नंबर रेकॉर्डवाल्यांचा. तळमजल्यावर मागच्या बाजूला रेकॉर्ड खोली होती. तिथे जुन्या दाखल्यांचे गठ्ठे सोडून एकेक दाखला संगणकात भरायचं काम ते नऊ वर्षं करत होते. गुडघे दुखरे, स्वभाव त्याहून दुखरा. रोज चारच्या सुमाराला जिन्यावर त्यांची पावलं वाजत, प्रत्येक मजल्यावर थांबत, आणि मग दारात येऊन ते फिर्याद मांडावी तसं म्हणत, "चौदा!"

चौदा म्हणजे तारखेची जागा मोकळी राहिली.

"तारीख भरा."

"भरली होती."

"भरली नाहीत, म्हणून तर चौदा आला."

"मग काय तुमच्या मशिनने खाल्ली?" रेकॉर्डवाले समोरच्या खुर्चीत बसकण मारत. "अहो, एवढा मोठा प्रोग्राम, आणि त्याला बोलायला शिकवलं नाहीत? नुसते आकडे फेकतो तोंडावर. आमचा धाकटा मेहुणा तसा होता. शेवटी घर सोडून गेला."

मग अर्धा तास तो मेहुणा, गुडघे, कार्यालयाचा जिना आणि सीवाल्यांचा कमअस्सल प्रोग्राम या विषयांवर बोलणं चाले. बोलायचे रेकॉर्डवाले, सीवाले मधून मधून 'तारीख भरा' म्हणायचे. ते गेल्यावर सीवाले भिंतीकडे बघून म्हणत, "डोकं उठवलं या माणसाने." सव्वाचार-साडेचारला असं म्हणायची त्यांना इतकी सवय झाली होती, की रेकॉर्डवाले रजेवर असत त्या दिवशीही डोकं उठल्यासारखं वाटायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कार्यालयात नव्या मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी उत्साहाने स्वतः एक दाखला भरून बघितला आणि त्यांना सत्तावीस आला. जिना चढून त्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. धाप लागलेल्या अधिकाऱ्यापासून चार हात लांब राहावं, असं जुनी माणसं सांगतात; पण सीवाल्यांच्या खोलीत चार हात जागाच नव्हती.

"पडद्यावर चूक नीट लिहून आली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "काय चुकलं, कुठे चुकलं, किती वाजता चुकलं आणि आता काय करायचं. कुणालाही विचारायला इथे यावं लागता कामा नये."

सीवाल्यांनी ते जसंच्या तसं डायरीत उतरवून घेतलं. 'कुणालाही इथे यावं लागता कामा नये' हेही सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. आपण काय लिहितोय ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. कारण कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे नवीन काम मागितलं होतं, आणि त्या आनंदात माणसाचं थोडं भान सुटतंच.

"पंधरा दिवसांत करतो," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी दिलेली ही पहिली मुदत होती आणि ती अर्थातच पाळली गेली नाही.

आता सीमध्ये संदेश छापायचा म्हणजे काय करायचं, ते सांगायला हवं. आधी एक साचा लिहायचा. वाक्यात जिथे एखादा आकडा, नाव किंवा वेळ यायची असेल तिथे टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर टाकायचं. म्हणजे ती राखून ठेवलेली खुर्ची. मग साच्यामागोमाग पाहुणे पाठवायचे. ते आपापल्या क्रमाने खुर्चीत बसतात आणि वाक्य पुरं होतं. मात्र खुर्च्या जास्त आणि पाहुणे कमी झाले, तर सी कुणालाही विचारत नाही. मेमरीत त्या वेळी जो कोणी वाटेत सापडेल त्याला धरून आणते आणि खुर्चीत बसवते. मग तो कोण, कुठला, त्याची तिला फिकीर नसते.

सीवाल्यांनी काम घरी नेलं. जेवणाच्या टेबलावर, जिथे आता एकाच ताटापुरती जागा लागत असे, तिथे एकेचाळीस कागद मांडले. दार उघडं होतं. उघड्या दारातून कागद दिसल्यावर शेजारचे निवृत्त हेडमास्तर आत आले नसते तरच नवल.

"चूक करणाऱ्याला चूक म्हणा," हेडमास्तरांनी एक कागद डोळ्यांजवळ नेत सांगितलं. "हे 'कृपया' कशाला? मी छत्तीस वर्षं शाळा चालवली. एकाही पोराला कृपया म्हटलं नाही."

"ही पोरं नाहीत हो. चाळिशी-पन्नाशीची माणसं आहेत."

"तेच म्हणतो. वेळेवर कुणी रागावलं नाही म्हणून ही वेळ आली त्यांच्यावर."

वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली भाजी घ्यायला चालल्या होत्या. त्या दारातच थांबल्या आणि दोघांचं ऐकून घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, मला त्यातलं काही कळत नाही. पण चुकलं म्हणू नका, राहिलं म्हणा. तारीख भरायची राहिली. असं म्हटलं की माणूस ओशाळतो पण दुखावत नाही. आमच्याकडे मी असंच म्हणते. बिल भरायचं राहिलं, नळ बंद करायचा राहिला. तीस वर्षांत भांडण नाही."

हेडमास्तरांनी 'हं' असा आवाज केला. वहिनींच्या घरातून तीस वर्षांत काय काय ऐकू आलं होतं, ते सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. सीवाल्यांनी एकेचाळीस कागदांवर 'राहिलं' लिहिलं.

त्यानंतरच्या काही संध्याकाळी बऱ्या गेल्या. एकेक संदेश लिहायचा, मग तो मोठ्याने म्हणून बघायचा, कारण वाचणाऱ्याच्या कानाला तो कसा लागेल ते कळायला हवं. "तारीख भरायची राहिली आहे. कृपया तारीख भरून पुन्हा प्रयत्न करावा," सीवाले रिकाम्या घरात म्हणत. मग जरा हळू आवाजात. मग जरा हसून. घरात एवढं बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. बुधवारी मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, कुणी आलंय का? फोन उचललात तेव्हा बोलल्याचा आवाज येत होता."

"ऑफिसचं काम," ते म्हणाले. ती म्हणाली, "आता सी कोण वापरतं, बाबा?" आणि तिच्याकडे सकाळ होत होती म्हणून तिने फोन ठेवला.

कार्यालयात मात्र लेखी मजकूर म्हटला, की तो मजकूर समितीकडे जातो. समितीत तिघं होते आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडे एकही मजकूर आला नव्हता. ते एकेचाळीस संदेशांवर तुटून पडले. महिनाभर बसून त्यांनी ठरवलं, की मजकूर उत्तम आहे, फक्त सुरुवात एकदम होते. कार्यालयाचा माणूस एकदम बोलत नसतो. म्हणून प्रत्येक संदेशाच्या आधी एक प्रस्तावना जोडली. ती वाचायला बरी होती. पण सीवाल्यांनी एका संदेशाला ऐंशी अक्षरांची जागा राखली होती, आणि ऐंशीनंतरचं मुकाट्याने छाटायचं असं प्रोग्रामला बजावून ठेवलं होतं. हे समितीला सांगायचं त्यांच्याकडून राहिलं.

पहिल्या दिवशी सकाळी चारही खिडक्यांवर, चूक कुठलीही असो, एकच संदेश आला: 'सविनय कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या माहितीच्या छाननीअंती या कार्यालयास'. संपलं. दोन नंबरच्या खिडकीवरच्या बाई पुढचं यायचं असेल म्हणून पाऊण तास पडद्यासमोर हात जोडून बसल्या. बाहेर रांग फाटकापर्यंत गेली. अकरा वाजता चारही खिडक्यांची माणसं तिसऱ्या मजल्यावर होती.

"कार्यालयास काय? आनंद झाला की दुःख झालं?" एक नंबर ओरडले.

"नवा आहे म्हणून मी थोडं थांबून बघितलं," दोन नंबरच्या बाई म्हणाल्या.

मागून धापा टाकत रेकॉर्डवाले आले. "आधी मुका होता, आता तोतरा झाला," त्यांनी निकाल दिला आणि खोलीतली एकुलती एक रिकामी खुर्ची बळकावली. सीवाल्यांना शेजारच्या खोलीतून तीन खुर्च्या उसन्या आणाव्या लागल्या. चहा मागवला गेला. त्यांना त्या दिवशी चौफेर बोलणी बसली, लेखी खुलासा मागवला गेला, समितीने तर बोलणंच टाकलं. तरी संध्याकाळी घरचा जिना चढताना सीवाले शीळ घालत होते, हे हेडमास्तरांनी ऐकलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

मॅडमनी प्रस्तावना उडवली. संदेश आता जागेत बसत होते. पण घाईघाईत सीवाल्यांकडून दुसरंच काही झालं. सीच्या प्रोग्रामला बोलायला दोन तोंडं असतात. एकातून काम बाहेर पडतं, दुसऱ्यातून तक्रार. कार्यालयात कामाचं तोंड थेट छपाईयंत्राला जोडलेलं होतं, आणि त्या यंत्रात शिक्का-सही आधीच छापलेले दाखल्याचे जाड कागद भरलेले असत. सीवाल्यांनी तक्रारी कामाच्या तोंडातून सोडल्या.

आठ दिवस कुणालाच पत्ता नाही. छपाईयंत्रातून जे निघेल त्याची घडी घालून दुकानदाराला द्यायचं, हा खिडक्यांचा रिवाज. वाचायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी एका निरीक्षकाला एका वाणसामानाच्या दुकानात गल्ल्याच्या वर, काचेच्या चौकटीत, असा दाखला लटकलेला दिसला: 'काट्याचा क्रमांक भरायचा राहिला आहे. कृपया पुन्हा तपासून घ्यावे.' खाली गोल शिक्का आणि मॅडमची सही.

असे अकरा दाखले बाहेर गेले होते. ज्याने घाण केली त्यानेच निस्तरायची, या न्यायाने सीवाल्यांना परत आणायला पाठवलं. सव्वीस वर्षांत कार्यालयाच्या कामासाठी ते कधी उन्हात निघाले नव्हते. दहा दुकानदारांनी कुरकुरत कागद दिले. वाणी मात्र देईना.

"का देऊ? सहीशिक्का खरा आहे ना?"

"खरा आहे, पण आतला मजकूर चुकीचा गेलाय."

"चुकीचा कसा? चांगला आहे. इतकी वर्षं तुमच्या ऑफिसात येतोय, कुणी मला 'कृपया' म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईकं वाचतात. काल एक जण म्हणाला, शेठ, तुमच्यावर सरकारची मर्जी आहे." वाण्याने चौकटीवरची धूळ पुसली. "लिहिलं कुणी हे?"

"मी," सीवाले म्हणाले, आणि उगीचच त्यांचा चेहरा तापला.

वाण्याने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि चौकटीसकट दाखला परत केला. वर म्हणाला, "पुढचा पण तुम्हीच लिहा." सीवाले स्टुलावर जरा जास्तच वेळ बसले. गिऱ्हाइकांना अडचण व्हायला लागली तेव्हा उठले.

तिसरा घोळ टक्क्याचा. संदेशात निरीक्षकाचा शेराही छापावा असं मॅडमना वाटलं. सीवाल्यांनी तो शेरा पाहुणा म्हणून पाठवायच्या ऐवजी चुकून साचा म्हणूनच सीच्या हातात दिला. निरीक्षक लोक घाईचे. काट्याची झीज ते आकडा, टक्का आणि एक इंग्रजी अक्षर अशा खुणेने लिहीत. सीला टक्का दिसला, अक्षर दिसलं. तिला वाटलं खुर्ची आहे, कुणीतरी यायचंय. पाहुणा तर पाठवलेला नव्हता. तिने वाटेत सापडला तो धरून आणला.

"सीवाले," मॅडमनी त्यांना खाली बोलावून घेतलं, "हा काटा उणे एकशे वीस कोटी एकोणऐंशी लाख झिजलाय."

"हो मॅडम."

"मग उरलं काय त्याचं?"

इतका काटकसरीने वागलेला माणूस, आयुष्यात कुणाची एक टाचणी घेतली नाही, आणि त्याच्या नावावर उणे एकशे वीस कोटींची झीज लागावी! घरी त्यांनी हे हेडमास्तरांना सांगितलं. सांगायला नको होतं. "रागावला असतात तर असं झालं नसतं," हेडमास्तर म्हणाले.

पण शेवटी सगळं जमलं. एका सोमवारी मॅडमनी परिपत्रक काढलं की, चुकांचे संदेश आता पूर्ण स्वरूपात पडद्यावर येतील, सबब कोणीही तिसऱ्या मजल्यावर जाण्याचे कारण नाही. आणि संदेश खरोखर देखणे येत होते. खिडकी कुठली, वेळ काय, कुठल्या रकान्यात काय राहिलं, आता काय करावं. सगळं एकाखाली एक, नेमकं. टक्क्याचं चिन्ह आलं तरी बिचकत नव्हते. सीवाल्यांनी पूर्ण सोमवार दाराकडे पाठ करून आपले संदेश पाहण्यात घालवला.

मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी कुणी आलं नाही. गुरुवारी पावलं वाजली, पण ती पाण्याची टाकी बघायला गच्चीवर चाललेल्या माणसाची होती. सीवाल्यांनी त्याला "काही अडचण?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "वॉल्व्ह गेलाय." त्या बाबतीत ते काही करू शकत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी उसन्या खुर्च्या परत केल्या. चार वाजले की कान जिन्याकडे लागत. साडेचारला 'डोकं उठवलं' म्हणायची वेळ होई, आणि म्हणण्यासारखं काही नसे. हे आपण आपल्या हाताने केलं, मन लावून केलं आणि चांगलं केलं, हे त्यांना आता समजत होतं. एकदा त्यांनी चौदाचा साचा उघडला. दोन शब्द काढून टाकले असते तर तो पुन्हा कोड्यात बोलला असता. कुणाला कळलंही नसतं. बराच वेळ त्यांचं बोट कळफलकावर होतं. पण हातून चांगलं उतरलेलं काम मुद्दाम बिघडवायचं, हे त्यांना जमेना. त्यांनी साचा तसाच बंद केला आणि त्या दिवशी त्यांना फार एकटं वाटलं.

तेविसाव्या दिवशी मॅडमनी अहवाल मागवला: नव्या संदेशांमुळे चुका किती घटल्या? सीवाल्यांनी प्रत्येक संदेश पडद्याबरोबर एका फाइलमध्येही वेळेसकट उतरेल अशी सोय केलेली होती. ती फाइल त्यांनी उघडली, आणि त्यांच्या लेखकी अभिमानाला आणखी एक तडा गेला. चुका घटलेल्याच नव्हत्या. एक नंबर खिडकीवर रोज एकोणीस, दोन नंबरवर तेहेतीस, एकदा तर ओळीने नऊ वेळा. त्यांचे ते देखणे संदेश कुणी वाचतच नव्हतं. पडद्यावर काही आलं, की लोक ते पुसायचे आणि प्रोग्राम नांगी टाकेपर्यंत काहीतरी नवं भरत राहायचे. जिना चढायला नको म्हणून ते मजेत होते, एवढंच.

मग त्यांनी रेकॉर्ड खोलीचा रकाना बघितला. चौदा: शून्य.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, प्रोग्राम बिघडला. त्यांनी रेकॉर्ड खोलीच्या नावाने स्वतः एक दाखला तारखेशिवाय भरला. चौदा ताबडतोब आला, फाइलमध्येही उतरला. प्रोग्राम ठीक होता. रेकॉर्ड खोलीतून रोज तीस-तीस, चाळीस-चाळीस दाखले भरले जात होते आणि प्रत्येकात तारीख होती. सोमवारी परिपत्रक निघालं, त्या दिवसापासून. म्हणजे त्या माणसाने नवा संदेश वाचून सुधारणा केली म्हणावी, तर तसंही नव्हतं. नवा संदेश त्यांना एकदाही दिसलेला नव्हता.

सीवाले खुर्चीत मागे टेकले. नऊ वर्षं जो माणूस रोज चारच्या सुमाराला तारीख भरायला विसरत होता, त्याला ती भरता येत होती. पहिल्या दिवसापासून येत होती. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढून तो रोज वर येत होता तो चौदाचा अर्थ विचारायला नव्हे. चौदाचा अर्थ त्याला सीवाल्यांइतकाच पाठ होता. आणि आता वर यायला कारण उरलं नाही म्हणून तो तारखा भरत खाली बसला होता. आपण त्या माणसाला नऊ वर्षं 'तारीख भरा' यापलीकडे काही बोललो नाही, हे सीवाल्यांना आठवलं.

अहवालात त्यांनी 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं आणि घड्याळ बघितलं. चारला दहा कमी होते.

जिना उतरताना त्यांनी कारणं जुळवली. केबल बघायची आहे. कळफलक जुना झालाय का, ते विचारायचंय. फाइलमध्ये एक आकडा जुळत नाही. तळमजला येईपर्यंत तिन्ही तयार होती. रेकॉर्ड खोलीत त्यांनी नऊ वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. आत जुन्या कागदांचा वास, छतापर्यंत गठ्ठे, मध्ये एक टेबल. टेबलाशी रेकॉर्डवाले काही न करता बसले होते. तोंड दाराकडे होतं.

"कोण, तुम्ही?" ते म्हणाले. "काय बिघडलं आता?"

"काही नाही बिघडलं."

"मग कशाला आलात?"

केबल, कळफलक, आकडा. सीवाल्यांनी तोंड उघडलं, आणि यातलं एकही बाहेर येईना.

"वर करमत नाही," ते म्हणाले.

"काय?" रेकॉर्डवाल्यांना ऐकू आलं होतं. पण त्यांनी कान पुढे केला.

"मला करमत नाही हो वर."

रेकॉर्डवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. पुसायला पुष्कळ वेळ लागला.

"मग हे सांगायला तेवीस दिवस लागतात?" ते एकदम खेकसले. "मी इथे चार वाजल्यापासून जिन्याकडे बघत बसतो. मॅडमनी लिहून दिलं, वर जायचं कारण नाही. आता कारण नाही म्हटल्यावर मी काय सांगून येऊ?" त्यांचा आवाज मध्येच बसला. "उभे काय राहिलात? बसा."

बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर गठ्ठे रचलेले होते, खालचे पार पिवळे पडलेले. त्या स्टुलावर कुणी बसल्याला बरीच वर्षं झाली असावीत. दोघांनी मिळून ते गठ्ठे एकेक करून खाली उतरवले.